सत्तेचाळीस मिनिटांचा हर्निया

देवाप्पाचा हर्निया सात वर्षं घरातल्या माणसासारखा राहत होता. देवाप्पा आडवा झाला की तोही निजायचा, देवाप्पा उभा राहिला की तोही उठायचा. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पहिलं पोतं पाठीवर आलं की उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगा यायचा आणि दिवस कलेपर्यंत त्याचा पेरू व्हायचा. मग देवाप्पा भिंतीकडं तोंड करायचा, चार बोटांनी त्याला आत सारायचा, लंगोट आवळायचा आणि पुढच्या पोत्याला पाठ द्यायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "जुनं हाय. वळखीचं हाय. काय करत न्हाई."

त्याच्या मुलाच्या, भीमसेनच्या घशाखाली मात्र तो फुगा दिसला की घास उतरत नसे. कारण त्याचं बेळगावातलं डिप्लोमाचं शिक्षण आणि बापाचा हर्निया एकाच जूनमध्ये सुरू झाले होते. मुलगा शिकायला गेल्यापासून देवाप्पानं रोजची पोती वाढवली होती. शिक्षण तीन वर्षांत संपलं. भीमसेन उद्यमबागेत पंपांच्या एका कारखान्यात लागला, टिळकवाडीत एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहू लागला, मनगटावर घड्याळ आलं, खिशाला पेन आलं. हर्निया काही गेला नाही.

शेवटी अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर भीमसेननं बापाला जवळजवळ ओढतच टिळकवाडीतल्या डॉ. कुलगोडांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर उंच, टकले, बोटं बासरीवाल्यासारखी लांब. बोलता बोलता मराठीतून कन्नडमध्ये शिरायचे आणि काम झालं की परत यायचे.

"खोका," डॉक्टर म्हणाले. देवाप्पा खोकला.

"अजून खोका. हं. साकु." साकु म्हणजे पुरे. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "ऑपरेशन करायला पाहिजे. दुसरं औषध नाही. एखाद्या दिवशी आतडं अडकून बसलं, तर निपाणीहून इथं येईपर्यंत काही खरं नाही बघा."

ते पुन्हा वळेपर्यंत देवाप्पानं धोतर वर ओढून कासोटासुद्धा मारला होता. त्यानं एकच विचारलं, "किती येळ लागंल?"

"कशाला?"

"आपरेशनला."

"ते पोट उघडल्यावर कळतं."

"मंग नगंच उघडायला," असं म्हणून देवाप्पा दाराबाहेर पडला.

बसस्टँडवर भीमसेन चिडला. "आप्पा, जीव महत्त्वाचा का येळ?"

देवाप्पा समोरच्या बसकडं वळला. मग म्हणाला, "थोरल्याला दवाखान्यात न्हेल्तं तवा तुजी आजी पायरीवर बसल्ती. मी ल्हान. सकाळधरनं बसलो आमी. येळ लागतोय, येळ लागतोय, एवढंच म्हनायचे सगळे. दादा दुपारीच गेल्ता. आमाला दिवं लागल्यावर कळलं. तवर आजी भाकरीचं गठुडं मांडीवर घिऊन बसल्ती, त्यो उठला की खाईल म्हनून." त्यानं नाक शिंकरलं. "सुरीचं मला भ्या न्हाई. पर तुज्या आईनं तसं बसायचं न्हाई. किती बसायचं ते आदी सांगायचं, मंगच मी आत जानार."

भीमसेननं बापाला निपाणीच्या बसमध्ये बसवलं. पण बस सुटली आणि त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली, कारण 'किती वेळ लागेल' हे आधी सांगणं हाच तर त्याचा धंदा होता.

कारखान्यात भीमसेनचं काम वेळ मोजायचं. हातात पाटी, पाटीला अडकवलेलं थांबतं-चालतं घड्याळ, आणि समोर लेथवर काम करणारा माणूस. भोक पाडायला किती, घासायला किती, तोंड पुसायला किती, सगळं तो लिहायचा. कामगार पाठीमागं त्याला 'काटा' म्हणायचे. त्याच्याकडं एक सूत्र होतं, आणि त्या सूत्रावर त्याची शाळेतल्या पाढ्यांइतकी श्रद्धा होती. एखाद्या कामाला लागणारा कमीत कमी वेळ घ्यायचा, जास्तीत जास्त वेळ घ्यायचा, नेहमीच्या वेळेची चौपट घ्यायची, आणि बेरजेला सहानं भागायचं. येईल तो आकडा खरा. पंपाला हे लागू पडतं, तर पोटाला का पडू नये?

दुसऱ्या दिवसापासून तो डॉक्टर कुलगोडांच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसू लागला. त्याची दुपारपाळी होती, सकाळ मोकळी. ऑपरेशनच्या खोलीवर एक तांबडी बत्ती होती. ती लागली की भीमसेन घड्याळ चालू करायचा, विझली की बंद करायचा. तीन आठवडे हे चाललं. त्या वेळच्या टिळकवाडीत सकाळी रस्त्यावर माणसांपेक्षा सायकली जास्त असत आणि सायकलींपेक्षा गुलमोहर जास्त. घंटी वाजली तर ती कुठल्या मास्तरांची हे लोक ओळखत. अशा शांततेत एक माणूस रोज बाकावर बसून वहीत आकडे लिहितो म्हटल्यावर लोकांचं लक्ष जाणारच.

एके दिवशी उचगावचा रवळू नावाचा एक शेतकरी, ज्याची बायको आत होती, त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "सायेब, अजून किती?"

भीमसेननं वही चाळली. "बारा मिनिटं."

बाराव्या मिनिटाला बत्ती विझली. रवळूनं भीमसेनचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी रवळूची सासू आली ती थेट बाकाकडंच गेली आणि म्हणाली, "डाक्टर, माजा गुडगा दुकतोय."

हे सगळं आत पोचायला कितीसा वेळ लागणार? सिस्टर फिलोमिना ही दवाखान्याची खरी मालकीण. तिनं भीमसेनला कॉलर धरायचीच काय ती बाकी ठेवून डॉक्टरांपुढं उभं केलं.

"तू माझ्या दारात बसून काय लिहितोस?" डॉक्टरांनी विचारलं. भीमसेननं सगळं सांगितलं. डॉक्टरांचं टक्कल तांबडं झालं. "मी काय लेथ आहे?"

"नाही सर. लेथ चुकते, तुम्ही चुकत नाही," भीमसेन म्हणाला. तो हे अगदी मनापासून म्हणाला.

डॉक्टर थोडे निवले. "बरं, सांग. अपेंडिक्सला मला किती लागतात?"

"अडतीस मिनिटं. सोमवारी चव्वेचाळीस."

"सोमवारी का?"

"ते मला ठाऊक नाही, सर. आकडे तसं सांगतात."

"सोमवारी उपास असतो त्यांचा," सिस्टर फिलोमिना मागून म्हणाली.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांनी बायकोच्या नकळत दोन केळी खाऊन सुरी हातात घेतली, आणि अडतिसाव्या मिनिटाला बाहेर येऊन भीमसेनच्या वहीत डोकावले. तिथून पुढं दोघांची दोस्ती झाली. सिस्टरसुद्धा चहाचं आधण कधी ठेवायचं ते बाकाला विचारूनच ठरवू लागली.

तीन आठवड्यांत अकरा हर्निये झाले. कमीत कमी पस्तीस मिनिटं, जास्तीत जास्त पंचाहत्तर, नेहमीची त्रेचाळीस. भीमसेननं बेरीज केली, सहानं भागलं आणि आकडा दोनदा तपासून एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला: सत्तेचाळीस मिनिटं. खाली सही केली.

तो कागद घेऊन तो निपाणीला गेला. देवाप्पाला वाचता येत नव्हतं, पण मुलाची सही त्याला ओळखू येत होती. त्यानं कागदाची चार घड्यांची पुडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी वखारीत मुकादम आण्णाप्पापासून ते चाळणीवरच्या बायांपर्यंत सगळ्यांना दाखवली. "सत्तेचाळीस मिनटं. पोरानं मापून काडल्यात. भाकरी थापून हुईस्तवर मी भाईर."

"आनि अठ्ठेचाळीसावं लागलं तर?" आण्णाप्पानं विचारलं.

"लागत न्हाई. सही हाय खाली."

गुरुवारी सकाळी नऊची वेळ ठरली. पहाटेच्या पहिल्या बसनं देवाप्पा, त्याची बायको शेवंताबाई, बहीण तानुबाई, शेजारचा सिद्राम आणि 'आलोच हाय तर येतो' म्हणणारे आणखी पाचसहा जण बेळगावात उतरले. भीमसेननं व्हरांड्याच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावून ठेवला होता. नऊ वाजता आत. नऊ दहाला पाठीत इंजेक्शन, म्हणजे कमरेखालचं अंग झोपणार आणि माणूस वर जागा राहणार. नऊ अठराला सुरी. नऊ सत्तेचाळीसला बाहेर. शेवंताबाईला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचं घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं आणि काचेवर लाल शाईचा एक ठिपका दिला.

"आये, लांब काटा ह्या ठिपक्यावर आला की आप्पा भाईर."

शेवंताबाई तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळत होती. तिनं मान हलवली आणि मनगट मांडीवर उताणं ठेवून त्याच्याकडं बघत बसली, जणू काटा नजर चुकवून पळूनच जाणार होता.

बत्ती लागली. नऊ दहा झाले, नऊ अठरा झाले. भीमसेन कागदावरच्या एकेका खुणेवर टिचकी मारत होता. नऊ चाळीसला अचानक दार उघडलं. सिस्टर फिलोमिना घाईघाईनं बाहेर आली, हत्यारांचा दुसरा डबा उचलला, "अजून एक काढायचं आहे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

व्हरांडा गार पडला.

"एक काय?" तानुबाईनं विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. "भीमसेन, एक काय काडत्यात रं?"

"काय न्हाई आत्ती, टाका बिका असंल."

"टाका घालत्यात. काडत न्हाईत," तानुबाई म्हणाली. तिचं दोनदा बाळंतपण दवाखान्यात झालं होतं, त्यामुळं या विषयात तिचा शब्द चालायचा. "मानसाला पोटात मूतपिंड दोन असत्यात म्हनं. एक काडलं तर चालतंय म्हनून काडत्यात."

"आवं, त्ये पलीकडच्या बाजूला असतंय," सिद्राम म्हणाला.

"मंग पलीकडच्या बाजूला गेलं असतील!"

इतक्यात लांब काटा ठिपक्यावर आला. शेवंताबाईनं मनगट वर केलं आणि दाराकडं बघितलं. दार उघडलं नाही. बत्ती तशीच.

"सात मिनिटं हिकडंतिकडं हुत्यात, आये," भीमसेन म्हणाला. "ते बी गणितात हाय."

सात मिनिटं झाली. काटा ठिपका ओलांडून पुढं गेला. दहा वाजले. तीन आठवड्यांत भीमसेन या बाकावर शंभर लोकांच्या शेजारी बसला होता, पण शेजारी बसणं वेगळं आणि स्वतः वाट बघत बसणं वेगळं, हे त्याला त्या दिवशी कळलं. पंचाहत्तर मिनिटांचा तो एक हर्निया त्याला आठवला. तो कुणाचा होता, त्याचे नातेवाईक कसे बसले होते, यातलं काहीच वहीत नव्हतं. फक्त पंचाहत्तर होतं.

तानुबाईनं पदर डोळ्याला लावला. तिच्या मागोमाग बाकीच्यांनी सूर धरला. शेवंताबाई रडली नाही. तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"हे घे. ह्यात तुजा बा न्हाई."

सिद्रामला हे बघवेना. हातावर हात धरून बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. 'निपाणीला कळवाय पायजे' असं म्हणून तो पोस्टात पळाला आणि वखारीला अर्जंट ट्रंक कॉल लावला.

आता ट्रंक कॉल म्हणजे काय, हे आजच्या माणसाला सांगून पटायचं नाही. खिशातला फोन कानाला लावून कुजबुजणाऱ्यांना ती मजा कुठली? त्या काळी बेळगावहून निपाणीला बोलायचं म्हणजे निपाणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायचं. अर्धं तारेतून जायचं, अर्धं वाऱ्यावरून. वीस मिनिटांनी कॉल लागला. पलीकडं वखारीचे दिवाणजी. मागं चाळण्यांचा खडखडाट.

सिद्राम बेंबीच्या देठापासून ओरडला, "दिवाणजी! देवाप्पाला येळ लागलाय! येळ!"

"आं? काय लागलंय?"

"येळ लागलाय वो! सत्तेचाळीस मिनटं कवाच झाली! कुनाला आवरंना!"

कुणाला आवरेना ते रडणाऱ्या बायकांबद्दल होतं. पण तेवढ्यात लाइन तुटली. दिवाणजींनी फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि वखारीत येऊन सांगितलं, "देवाप्पाला येड लागलंय. सत्तेचाळीस मिनिटं झाली. कुणाला आवरत नाही."

चाळण्या थांबल्या. आण्णाप्पा मुकादमानं पाठीवरचं पोतं खाली टाकलं. देवाप्पा म्हणजे दोन पोती एका दमात उचलणारा गडी. तो पिसाळला तर बेळगावच्या डॉक्टरांच्या हाताला लागेल काय? दारात ट्रक उभा होता, अर्धा भरलेला. मालकानं नुसती मान हलवली. आण्णाप्पा आणि सहा हमाल वर चढले. चढताना आण्णाप्पानं पोती बांधायचा काथ्याचा दोर खांद्यावर टाकला.

इकडं दहा छत्तीसला बत्ती विझली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या तोंडावरचं फडकं हनुवटीवर लोंबत होतं, आणि ते हसत होते की चिडले होते ते कळायला मार्ग नव्हता. "भीमसेन! अल्लो, अरे, तुझ्या बापाला ऑपरेशन म्हणजे पोती उतरवणं वाटतं काय?"

"सर, आप्पा..."

"उत्तम आहे. ऐक. आत गेल्यापासून दर दोन मिनिटांनी विचारतोय, किती झाली? तेहतिसाव्या मिनिटाला मी टाके घालायला घेतले, तर म्हणतो, डॉक्टर, चौदा मिनटं शिल्लक हायत, तेवढ्यात डाव्या बाजूचं बी उरकून घ्या."

"डाव्या बाजूचं काय?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, तिथं बी हाय की, पाच वर्षं झाली. मी म्हटलं, गृहस्था, मग आधी सांगितलं का नाहीस? तर म्हणतो..." डॉक्टरांनी शेवंताबाईकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "म्हणतो, दोन सांगितली असती तर पोरानं दुप्पट मिनटं काडली असती. तेवढा येळ माजी बायकू भाईर कशी बसंल?"

तानुबाईचा पदर डोळ्यावरून खाली आला. "म्हंजी त्ये एक काडायचं म्हटल्यालं..."

"दुसरा हर्निया," सिस्टर फिलोमिना म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं?"

तानुबाईला काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं नाही.

भीमसेनच्या डोक्यात मात्र, नको नको म्हणताना, बेरीज झालीच. सत्तेचाळीस दुणे चौऱ्याण्णव. लागली शहाण्णव. "सर, ही वरची दोन मिनिटं?"

"ती तुझ्या बापाबरोबर वाद घालण्यात गेली," डॉक्टर म्हणाले.

स्ट्रेचरवरून देवाप्पाला बाहेर आणलं. चेहरा पांढुरका, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. त्यानं मान वळवून शेवंताबाईला शोधलं.

"लई येळ बसलीस?"

"कुटला येळ?" शेवंताबाई म्हणाली. "आत्ताच तर आत गेल्तासा." मग ती व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि खांबाआड उभी राहून मनसोक्त रडली. भीमसेननं तिच्याकडं जायला पाऊल उचललं आणि परत ठेवलं.

इथंच सगळं आटोपायचं, पण ट्रक अजून वाटेत होता.

साडेबाराच्या सुमाराला देवाप्पा खाटेवर होता. दुखू नये म्हणून दिलेल्या इंजेक्शननं त्याची जीभ सैल झाली होती. डोक्यावर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीला तो दमानं सांगत होता, "आरं, खाली घे, खाली घे. एकट्यानं उचलू नगंस. कमर जाईल." नेमक्या त्याच वेळी दारात आण्णाप्पा मुकादम उभा राहिला. मागं सहा हमाल. खांद्यावर दोर.

आण्णाप्पानं बाटलीशी चाललेलं ते बोलणं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले.

"भीमसेन," तो हळूच म्हणाला, "तू बाजूला हो, लेकरा. तुला बगवायचं न्हाई. आमी बेतानं बांदतो. घरचीच मानसं हाय आमी."

"आण्णामामा, बांधायचं कुणाला?"

भीमसेनला उत्तर मिळायच्या आत सिस्टर फिलोमिना शिंकली. मग शेजारच्या खाटेवरचा रोगी शिंकला. मग पलीकडचा. दारात उभ्या असलेल्या ट्रकमधून आणि सात जणांच्या सात बंड्यांमधून निपाणीची चाळलेली तंबाखू वाऱ्यावर निघाली होती. हमालांना आणि शेवंताबाईला ती जन्माची सवयीची, पण टिळकवाडीच्या नाकांना ती झेपेना. औषधाची बाटली घेऊन येणारी आया शिंकली आणि बाटली खाली. वरच्या गॅलरीत पेपर वाचणारे दवाखान्याच्या इमारतीचे मालक शिंकले. डॉक्टर जेवणाच्या पानावरून उठून धावत आले ते शिंकतच आले.

"बेड! बेड!" ते ओरडले. बेड म्हणजे नको. "देवाप्पाला शिंक येऊ देऊ नका! दोन्हीकडचे टाके उसवतील!"

तीस वर्षं तंबाखूत काढलेला देवाप्पा कधी शिंकला नव्हता. पण सकाळभर औषधांच्या वासात राहून त्याचं नाक बिघडलं असावं. त्यानं तोंड उघडलं, डोळे बारीक केले, छाती वर घेतली. सिस्टरनं उशी त्याच्या पोटावर दाबली. आण्णाप्पानं दोन्ही हातांनी खांदे धरले. शेवंताबाई धावत आली आणि तिनं नवऱ्याचं नाक चिमटीत पकडलं. अंगातला सगळा जोर लावून पकडलं. सगळ्या खोलीनं श्वास रोखला. देवाप्पानं छाती खाली सोडली.

"गेली," तो नाकातून म्हणाला. "सोड की गं आता."

आण्णाप्पानं त्याच्याकडं निरखून बघितलं. "देवाप्पा, मी कोन हाय?"

"आण्णाप्पा न्हवं व्हय? हे दोर कशाला आनलंयस?"

मग सिद्रामला समोर बोलावण्यात आलं, येळ आणि येड यांचा निकाल लागला आणि सिद्राम पुढचा अर्धा तास कुणाला दिसला नाही. डॉक्टरांनी ट्रक तिसऱ्या गल्लीत पाठवला. सिस्टर फिलोमिनानं सातही हमालांना कोंबड्या हाकाव्या तसं मागच्या अंगणात हाकललं. "बंड्या काढा! अंग धुवा! एक कण दिसला तर आत पाय ठेवायचा नाही!"

मागच्या नळाखाली सात हमाल लंगोटावर उभे राहिले. बेळगावचं पाणी डिसेंबरात बर्फासारखं असतं. अंगावर पडताच एकेक जण "आss" करून कण्हत होता. डॉक्टर हात धुवायला मागच्या दारात आले आणि तिथंच थांबले. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली.

"ए, तू. खोक बघू," ते पहिल्याला म्हणाले. तो खोकला.

"तू. तू पण." दुसरा खोकला, तिसरा खोकला. "हौदा? खरंच? अरे देवा. आण्णाप्पा, तू खोक."

"मला काय न्हाई, डाक्टर. जुनं हाय."

सातांपैकी पाच जणांना हर्निया होता. एका जोडीदाराला बांधून न्यायला आलेली माणसं नळाखाली कुडकुडत स्वतःच्याच जांघांकडं बघत उभी राहिली. इतकी वर्षं एकाच वखारीत, एकाच पोत्याला पाठ देत काढली, पण भिंतीकडं तोंड करून कोण काय आत सारतो हे एकानं दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं.

आण्णाप्पानं धोतर गुंडाळलं. आत जाऊन देवाप्पाच्या खाटेपाशी उभा राहिला. "दुकलं व्हय रं?"

"सुरी कळत न्हाई," देवाप्पा म्हणाला. "डाक्टर बोलायला चांगला हाय."

आण्णाप्पा परत बाहेर आला. बाकीचे चौघे त्याच्या मागं. तो भीमसेनपुढं उभा राहून जरा खाकरला. "आमी बी घालवावं म्हंतो. संक्रात झाल्यावर. तू एक कर. आमाला बी त्यो मिनटांचा कागद लिवून दे. घरात बाया इच्यारत्यात."

डॉक्टर दारात टॉवेलनं हात पुसत होते. ते भीमसेनकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. "बघ बाबा. पाच आहेत. लाव तुझं सूत्र."

भीमसेननं वही काढली. पेनचं टोपण उघडलं. पाच नावं एकाखाली एक लिहिली. आकडा त्याला पाठ होता. पण आकडा न लिहिता तो उठला, आण्णाप्पाचा हात धरून त्याला आंब्याच्या झाडामागं घेऊन गेला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आण्णामामा, खरं सांगा. दुसऱ्या बाजूला बी हाय?"

आण्णाप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"व्हय."

मग भीमसेननं एकेकाला झाडामागं बोलावलं. पाचही जण परत आले तेव्हा त्यांच्यातले तिघं मान खाली घालून उभे होते, आणि पेन कानाला लावून भीमसेन सिस्टर फिलोमिनाला विचारत होता, "सिस्टर, हत्यारांचे डबे आपल्याकडं एकूण किती आहेत?"